साहित्य: एक घमेलं, एक दोर

तालुक्याच्या फॉर्मात रकाना असतो:
वापरलेले शैक्षणिक साहित्य.
मी लिहिते, घमेलं एक. विहिरीचा दोर एक.
चहापत्ती पाव किलो, उधारीची.
कापूस, मुलांनी घरून आणलेला.
वर्ग आठवी, हजर बावीस.
देश अमेरिका.
गाव चोपड्याच्या वर, जिथं डांबर थकतं
आणि सातपुडा चालायला लागतो.

सोमवारी घमेल्यात बोस्टनचं बंदर भरलं.
धनराज कोळी राजा झाला, पुठ्ठ्याचा मुकुट घालून
पेन्सिलीवर कर, फडक्यावर कर, शेवटी चहावर कर.
बाकीच्यांनी तोंडाला चुलीची काजळी फासली.
मी सांगितलं, त्या रात्री ते असेच गेले जहाजावर,
त्या मुलखातल्या मूळच्या माणसांचं सोंग घेऊन.
गुलसिंग बारेला मागच्या बाकावरून म्हणाला,
"म्हणजे पकडले असते तर नाव त्यांचंच."
पंधरा वर्षं शिकवतेय.
हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

चहा पाण्यात पडला.
राजालाच राहवेना:
"मॅडम, फेकी कसाले दिना? पी लेता,
नि पैसा नही देता!"
खिचडी शिजवणाऱ्या सिंधूबाई धावत आल्या,
घमेलं उचललं, मला काय काय बोलल्या,
आणि सबंध क्रांती गाळून
सुपात वाळत घातली.

बुधवारी प्रत्येकाला मूठभर कापूस.
बोटांनी सरकी काढायची, घंटा होईपर्यंत.
नखं दुखली, शबनूर तडवीची करंगळी सोलली,
सोनाराच्या काट्यावर रुई भरली
अडुसष्ट ग्रॅम, बावीस जणांची मिळून.
मग मी यंत्र आणलं गोष्टीत,
सरकी काढणारं, पन्नास माणसांचं काम एकट्यानं करणारं.
"मग वेचणाऱ्यांना सुट्टी?"
नाही. यंत्राला भूक लागली.
शेतं वाढली, माणसं आणखी विकत घेतली.
"किलोनं?" शबनूरनं विचारलं.
दिवाळीच्या आधी ती स्वतः वेचणीला जाते,
भाव किलोनंच ठरतो, तिला ठाऊक.
"नगानं," मी म्हणाले.
कुणी हसलं नाही.
पंख्याखाली रुई उडत होती, ती तेवढी हलत राहिली.

पुस्तकात नव्हतं तेही सांगितलं:
तिकडे भाऊ भावावर बंदूक रोखून उभा राहिला
आणि इकडे आपल्या खानदेशात कापूस चढला.
म्हणतात, कुणी कुणी गाडीच्या चाकांना
चांदीच्या धावा बसवल्या.
तिकडची तोफ थांबली, इकडचा भाव पडला.
धावांचं काय झालं, कुणी लिहून ठेवलं नाही.

शुक्रवारी पटांगणात खडूनं देश काढला,
मधोमध दोर टाकला. ही मोठी नदी.
गुलसिंगला म्हटलं, तू आणि तुझे चौघं इथले.
हुकूम आलाय, नदीपलीकडे जायचं,
भांडीकुंडी घेऊन, थंडीच्या आत.
चौघं निघाले, दप्तरं डोक्यावर.
तो नाही निघाला.
तिथंच उकिडवा बसला, तळवे मातीला लावून.
"अरे, नाटक आहे."
"माहीत आहे मॅडम. मी नाटकातच बसलोय."

माझ्या टाचणात तो निघतो, असं लिहिलं होतं.
शिपाई झालेली पोरं माझ्याकडे बघत राहिली,
पुढं काय करायचं?
मी घड्याळ बघितलं. घंटेला अकरा मिनिटं होती.
ती सगळी अकरा मिनिटं
आम्ही त्याच्याभोवती उभे होतो.

दोर विहिरीला परत बांधला.
फॉर्म अजून टेबलावर आहे, निष्पत्तीपाशी अडलेला.
सिंधूबाईंनी कप आणून ठेवला:
"घ्या तुमचा तो बोष्टन. फुकट नाही गेला."
फिका होता.
वर पांढरं एक तूस तरंगत होतं,
ते बोटानं काढलं
आणि प्यायले.